हौशीचे काम

संक्रांत आठ-दहा दिवसांवर आली म्हणजे बडोद्याच्या रस्त्यांवर दोरा दिसू लागतो. दोन खांबांच्या मध्ये ताणलेला, गुलाबी खळीने माखलेला, पतंगाचा दोरा. आपण दक्षिणी मंडळी सहा-सात पिढ्या या शहरात राहून पतंग उडवायला शिकलो, उंधियो खायला शिकलो, संक्रांतीला उत्तरायण म्हणावयासही शिकलो. परंतु माझ्या लहानपणी आमच्या घरात त्या दिवसांत दुसराच एक दोरा चालत असे. तो पांढरा, शिवणाचा, बारीक. शेजारची सारी पोरे अगाशीवर असत, आणि आमच्या मधल्या खोलीत खिडक्या लावून, पंखा बंद करून आई हलव्याचे दागिने करीत बसलेली असे. त्या खोलीत धावावयाचे नाही, शिंकावयाचे नाही आणि ओल्या हाताने तर पाऊलही टाकावयाचे नाही, असा दंडक होता.

आमच्या वडिलांना आम्ही नाना म्हणत असू. नाना दरबारी गवई. हे ऐकून वाचकांच्या डोळ्यांपुढे झुंबरे आणि जरीचे फेटे उभे राहू नयेत म्हणून सांगतो, की त्यांची दरबारची नोकरी सारी दोन वर्षांची. १९४७ साली, वयाच्या सतराव्या वर्षी ते कलावंत कारखान्यात लागले आणि १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. या दोन वर्षांत बहुतेक वेळा ते मोठ्या गवयांच्या मागे तंबोरा घेऊन बसले. उस्ताद फैयाज खाँसाहेबांना त्यांनी उतारवयात, पण अगदी जवळून ऐकले. त्या पुंजीवर ते पुढे साठ वर्षे दरबारी गवई राहिले. दारावरची पाटी तशी होती, बोलणे तसे होते, आणि शिकवण्यांची फी मागताना येणारा संकोचही तसाच होता. माझा जन्म त्यांच्या उतरत्या वयातला. मला कळू लागले तेव्हा शिकवण्या कमी झाल्या होत्या आणि नाना साठीकडे झुकले होते.

कोणी पाहुणा आला आणि मधल्या खोलीत डोकावून 'हे काय चाललंय?' म्हणाला, की नाना बैठकीतूनच सांगत, "काही नाही, हिला हौस आहे." आई काही बोलत नसे. तिची मान खालीच असे, कारण मान वर केली की दाणा निसटतो.

आता ही हौस म्हणजे काय, ते जरा विस्ताराने सांगावेसे वाटते. ज्यांच्या घरी हा उद्योग अजून होतो त्यांनी पुढचे दोन-तीन परिच्छेद वगळले तरी चालतील. पण त्यांनीही वाचावेत, कारण चूक सापडली तर आई त्यांची आभारी होईल.

पाव वाटी तीळ निवडून, धुऊन, सावलीत वाळवावयाचे. दोन वाट्या साखरेत एक वाटी पाणी घालून पाक करावयाचा. उकळी फुटली की चमचाभर दूध घालावे. मळी वर येते, ती काढून टाकावी आणि पाक स्वच्छ फडक्यातून गाळावा. पाक एकतारी हवा, तोही चिमटीत तार येईल न येईल असा. जास्त झाला की दाणे एकमेकांना चिकटून ढेकळे होतात, कमी पडला की आधी चढलेली साखरही विरघळून जाते. मग अगदी मंद आंचेवर परात ठेवावयाची. पूर्वी आई शेगडीत निखारे राखेने झाकून त्यावर ठेवीत असे. हल्ली गॅसवर जाड तवा आणि तव्यावर परात. परातीत तीळ घालून त्यावर चमचाभर पाक सोडावयाचा आणि बोटांनी हलवीत राहावयाचे. तो वाळला की दुसरा चमचा. पुन्हा वाळेपर्यंत हलविणे. उलथन्याने हे काम होत नाही. दाणा कोरडा झाला की अजून ओला आहे, हे बोटांनाच कळते.

पहिल्या दिवशी काहीच दिसत नाही. तीळ नुसता पांढुरका होतो. दुसऱ्या दिवशी त्याला गोलाई येते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी, आपण नाद सोडावयाच्या बेतात असताना, अंगावर बारीक बारीक काटा उभा राहतो. काटा यावयाला थंडी हवी आणि हवा कोरडी हवी. आभाळ आले की काटा रुसलाच. म्हणून आई पहाटे चारला उठून परात चढवीत असे. तिच्या उजव्या हाताच्या तीन बोटांची टोके जानेवारी संपेपर्यंत गुळगुळीत झालेली असत. फेब्रुवारीत ती मला म्हणे, "दुधाच्या पिशवीचं टोक तू फाड रे, मला पकडता येत नाही."

तिळाखेरीज खसखशीचा हलवा होतो, साबुदाण्याचा होतो, लवंगांचा होतो, कलिंगडाच्या बियांचाही होतो. खसखशीचा बारीक म्हणून ठुशीला; साबुदाण्याचा मोत्यासारखा टपोरा म्हणून नथीला आणि तन्मण्याला; लवंगेचा लांबट, तो हाराच्या लोलकाला. मंगळसूत्रात तेवढे काळे मणी खरे घालावे लागतात. नव्या सुनेच्या पहिल्या संक्रांतीला काळ्या चंद्रकळेवर हा पांढरा साज चढला, की सोन्याची आठवण होत नाही. बिंदी, झुबे, नथ, ठुशी, तन्मणी, मोहनमाळ, बाजूबंद, तोडे, कंबरपट्टा, अंगठी. जावयाला हार आणि हातात हलव्याने मढवलेला नारळ. लहान मुलाच्या बोरन्हाणाला मुकुट, बाळकृष्णाची बासरी आणि करगोटा.

पण खरी विद्या आहे ती गाठीची. पुष्कळांची अशी समजूत असते, की हलवा मण्यासारखा सुईने ओवतात. काचेच्या मण्याला भोक असते. हलव्याला नसते, आणि पाडू गेलात तर दाणा फुटतो. म्हणून दोऱ्याचे दोन पदर घ्यावयाचे, दाणा मध्ये धरावयाचा, दोन्ही पदर काट्यांच्या मधून बसवून गाठ मारावयाची, आणि त्या गाठीला लागून दुसरा दाणा. गाठ सैल राहिली तर दाणा निसटतो, करकचून आवळली तर काटे मोडून दाणा बोडका होतो. या दोहोंच्या मधली जी जागा आहे ती कोणाला सांगून कळत नाही. मी गाणे शिकवतो. कोमल ऋषभ कोणत्या रागात किती उतरवावयाचा, हे सांगताना माझी अशीच पंचाईत होते. विद्यार्थ्याच्या गळ्यात तो एकदा आपोआप लागतो, तेव्हा "हा, हाच" एवढेच म्हणता येते.

ही तुलना मी आज करतो. नानांच्या हयातीत ती माझ्या मनातही आली नव्हती. बैठकीत होत होते ते गाणे आणि मधल्या खोलीत होत होती ती हौस, ही वाटणी मी जन्मतःच मान्य केलेली होती.

वास्तविक या दोन खोल्यांच्या मध्ये भिंत फार पातळ होती. बैठकीत शिकवणी चालू असताना आईचा हात चालत असे, आणि एखाद्या मुलीचा निषाद उतरला की तो हात थांबत असे. मी तिच्यापाशी अभ्यास करीत बसलेलो असे, त्यामुळे हे मला दिसे. नाना सूर दुरुस्त करीत, आणि हात पुन्हा चालू होई. तिला कोणी गाणे शिकविले नव्हते. लग्न होऊन आली तेव्हापासून भिंतीआडून ऐकत होती, इतकेच.

आणि नानांचा तंबोराही तिच्या दोऱ्यावर बोलत होता. हे वाक्य अलंकारिक नाही. तंबोऱ्याची जवारी उघडते ती घोडी आणि तार यांच्या मध्ये सरकविलेल्या दोऱ्यामुळे. दोरा केसभर पुढेमागे केला की तारेचा झणत्कार फुलतो किंवा मिटतो. नानांना कुठलाही दोरा चालत नसे. पतंगाचा काचरा, बाजारचा जाड, मशीनचा पिळाचा. ते दारात येऊन उभे राहत आणि आईला म्हणत, "अगं, तुझ्यातला जरा दे." आई रिळातून वीतभर दोरा तोडी, दोन बोटांत पिळून पाही, कधी त्याचा एक पदर उसवून काढी आणि मग देई. तंबोऱ्याच्या प्रत्येक तारेत घोडीच्या खाली एकेक मणीही असतो. तो खाली सरकविला की सूर कणभर चढतो. एकदा त्यातला एक मणी फुटला, तेव्हा आईने आपल्या मण्यांच्या डब्यातून त्याच मापाचा शोधून दिला. काळा, तारेला बेताने बसणारा. तो मणी आजही त्या तंबोऱ्यात आहे आणि माझे विद्यार्थी त्याच्यावर षड्ज लावतात.

मण्यांच्या डब्यावरून आठवले. हलव्याचे दिवस महिना-दीड महिन्याचे. बाकीच्या वर्षात आई मणीकाम करी. दाराची तोरणे, चौरंगापुढची महिरप, रुखवतातले राजहंस, नारळावरचे जाळीचे झाकण. यातले निम्मे ती माहेरून शिकून आली होती आणि निम्मे शेजारच्या बेनकडून शिकली. ते कुटुंब मूळचे काठेवाडातले. त्यांच्या मोतीभरतात कापड नसतेच. एका सुईने तीन-तीन मणी एकमेकांत गुंतवीत जातात आणि मण्यांचेच वस्त्र तयार होते. पूर्वी हे काचेचे मणी इटलीतल्या व्हेनिसहून येत आणि आफ्रिकेशी व्यापार करणाऱ्या गुजराती पेढ्यांच्या मार्फत सौराष्ट्रात पोहोचत. बेनच्या सासूबाईंकडे जुने तोरण होते, त्याचे रंग आजच्या मण्यांत नाहीत. आईने बेनकडून मोतीभरत घेतले आणि बेनला हलवा दिला. बेनचा हलवा शेवटपर्यंत बोडकाच राहिला, हे आई थोड्या समाधानाने सांगते.

२००९ च्या मार्च महिन्यातली गोष्ट. नाना ओट्यावर बसून आईला वर्तमानपत्र वाचून दाखवीत होते; आईच्या मांडीवर मण्यांचे ताट होते. बडोद्याच्या मोत्यांच्या गालिच्याची बातमी आली होती. आपल्यापैकी पुष्कळांना तो ठाऊक आहे. खंडेराव महाराजांनी मदिनेला अर्पण करण्याच्या हेतूने तो करविला, अशी त्याची हकीकत आहे. बसऱ्याचे लक्षावधी मोती त्यावर जडविलेले आहेत. मदिनेला तो गेला नाही, राजघराण्यातच राहिला, पुढे परदेशी गेला, आणि त्या महिन्यात कतारमधील दोहा येथे झालेल्या लिलावात त्याला सुमारे ५४ लाख डॉलर आले. नाना रंगात येऊन वाचीत होते. हिरे किती, माणके किती, पाचू किती. आईने मध्येच विचारले,

"शिवला कोणी, ते लिहिलंय का?"

नानांनी बातमी पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिली. "नाही. कारागिरांची नावं कोण ठेवतो?"

"गवयांची ठेवायचे ना?" आई म्हणाली.

ती हे भांडणाच्या सुरात बोलली नाही. तिला खरेच माहिती हवी होती, असे मला त्या वेळी वाटले. नानांनी पान उलटले आणि क्रिकेटची बातमी वाचावयास घेतली, जिच्यात दोघांनाही गम्य नव्हते.

नाना २०११ साली गेले. नंतर कधीतरी कपाट आवरताना मला आईची वही सापडली. साधी, शाळेची, पुठ्ठा सुटलेली. १९७४ पासूनच्या नोंदी होत्या. नावे नव्हती, खुणा होत्या. 'दांडिया बाजार, मोठा वाडा, पूर्ण संच, मुलगी ग्वाल्हेरला.' 'रावपुरा, बोरन्हाण, मुकुट व बासरी.' 'वाडी, जावयाचा हार, नारळ, पैसे राहिले.' पुढे आकडे. उजव्या पानावर खर्च होता. साखर, तीळ, दोरा, बेगड. त्याखाली माझी फी, बहिणीचे पुस्तक, नानांचा चष्मा. आणि १९८७ च्या फेब्रुवारीत एक ओळ : 'तंबोरा, मिरज, भोपळा व मजुरी व रेल्वे, ६४०.'

तो तंबोरा मला आठवत होता. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा. भोपळ्याला तडा गेला होता आणि नाना तीन महिने शेजारच्या माणसाशीही धड बोलत नव्हते. मग तो मिरजेला गेला आणि नवा भोपळा बसून परत आला. मिरजेचे तंबोऱ्याचे कारागीर म्हणजे त्या विद्येतले माहेरघर. तिथून आलेल्या वाद्याचा आवाज ऐकून नानांच्या डोळ्यांत पाणी आले होते. त्या रात्री त्यांनी आमच्यासाठी म्हणून दोन तास गाणे केले. मला वाटत होते, ते पैसे कुणा जुन्या शिष्याने दिले.

वही घेऊन मी आईपाशी गेलो. "नानांना हे ठाऊक होतं?"

"न ठाऊक असायला काय झालं? पैसे त्यांच्याच हातानं मनीऑर्डर केले."

"मग लोकांना हौस म्हणून का सांगायचे?"

आई म्हणाली, "ठाऊक होतं म्हणूनच तर सांगायचे."

या उत्तरावर मी पुष्कळ दिवस विचार केला आहे. नानांना दोष द्यावा असे मला वाटत नाही. त्यांच्या पिढीत गवयाला पोशिंदा लागत असे, आणि त्याचे नाव अभिमानाने सांगण्याची रीत होती. खाँसाहेब कुणाच्या पदरी, अमके कुणाच्या पदरी. नानांचा दरबार १९४९ ला संपला. त्यानंतरचा पोशिंदा मधल्या खोलीत पंखा बंद करून बसलेला होता. त्याचे नाव कसे सांगावयाचे, हे त्यांना कुणी शिकविले नव्हते. एवढे समजूनही तो शब्द मला बोचावयाचा राहिला नाही. याच शहरात १८८६ साली मौलाबक्षांच्या हाताखाली गायनशाळा निघाली, १८९० साली कलाभवन निघाले, पुढे महाराणी चिमणाबाईंच्या नावाने स्त्री उद्योगालय उभे राहिले. हाताने करावयाची विद्या शाळेत शिकवावी, हे ज्या शहराला इतक्या लवकर सुचले, त्या शहरातल्या एका दरबारी घराला ते आपल्या मधल्या खोलीपुरते सुचले नाही.

यंदाच्या संक्रांतीला माझ्या भाचीची पहिली संक्रांत आली. बहीण इंदूरला असते, भाचीही तिथेच दिली. बहिणीने फोनवर सांगितले, "आईला त्रास देऊ नकोस, इथं तयार संच मिळतात." मिळतात हे खरे, आपल्या मंगळ बाजारातही मिळतात. त्यांना नावे ठेवणाऱ्यांतला मी नाही. ज्या बायका घरी बसून असे संच करून विकतात त्यांच्या कष्टाची मला कल्पना आहे, आणि त्यांच्याशी पाच-पन्नास रुपयांसाठी घासाघीस करणाऱ्यांचा मला राग येतो. माझी तक्रार एकच : पुठ्ठ्यावर सरसाने चिकटविलेला हलवा खाता येत नाही, आणि हळदीकुंकू आटोपल्यावर नव्या सुनेच्या अंगावरचा हलवा पोरांनी तोडून खाल्ला नाही, तर त्या दागिन्याचे करावयाचे काय? तो काही बँकेच्या कपाटात ठेवावयाचा नाही.

आईने फोन माझ्या हातातून घेतला आणि "संच इथून येईल" एवढेच सांगून ठेवून दिला. तिने ऐंशी ओलांडली आहे. दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली आहे, आणि उजवा हात कापतो. सौभाग्यवती बँकेतून साडेसातला परत येते. तेव्हा उरलो मी.

सत्तेचाळिसाव्या वर्षी शिष्य होणे फार अवघड आहे, याचा मी नुकताच अनुभव घेतला. पहिला घाणा ढेकळांचा झाला. दुसऱ्याचा पाक मी जास्त गरम सोडला, तो पिवळा पडला. तिसऱ्या खेपेला चौथ्या दिवशी पहाटे काटा आला, आणि परातीपाशी बसल्या बसल्या मी आईला इतक्या जोराने हाक मारली, की ती धडपडत उठली. "असाच ठेव, आता हात थांबवू नकोस," म्हणाली आणि शेजारी पाट घेऊन बसली.

मग गाठी. संध्याकाळची शिकवणी बैठकीत आणि काम मधल्या खोलीत अशी वाटणी मला जमेना, म्हणून मी ताट बैठकीतच घेऊन बसलो. एका हाताने ताल देणे बंद झाले. विद्यार्थ्यांनी मात्रा आपल्या आपण मोजाव्यात असे ठरले, आणि खरे सांगावयाचे तर त्यांची लय त्यामुळे सुधारली. पहिल्या दिवशी मुले हसली. तिसऱ्या दिवशी एका मुलीने पालट्या संपवून विचारले, "सर, मी एक करून पाहू?" तिची गाठ माझ्यापेक्षा चांगली बसली. आता ती शिकवणीनंतर अर्धा तास आईपाशी बसते. घरी गुजराती बोलणारी मुलगी. तिला हलवा हा शब्द गाजराच्या हलव्याखेरीज माहीत नव्हता.

एका मुलाचे वडील त्याला न्यावयास आले होते. ताटाकडे पाहून सौजन्याने म्हणाले, "वा सर, हौस म्हणून छान आहे." मी 'हो' म्हणून मान हलविली, आणि मग आतल्या दाराकडे पाहिले. आई तिथेच उभी होती. तिने ऐकले असावे. चेहऱ्यावर काही दिसले नाही.

संच परवा पुरा झाला. डोळ्यांनी तिला आता काटा दिसत नाही, म्हणून एकेक दागिना तिने बोटांनी तपासला. दिवा लावू का विचारले, तर नको म्हणाली. नथ, ठुशी, तन्मणी, मोहनमाळ तिने बाजूला ठेवली. डाव्या हाताच्या तोड्यावर बोट थांबले, तसे पूर्वी निषादाला थांबावयाचे तसे. "इथं दोन दाणे सैल आहेत." मी चष्मा पुसून पाहिले, दोनच होते. पाऊण तोडा उसवावा लागला, कारण मधला दाणा काढावयाचा तर शेवटापासून मागे यावे लागते.

काल रात्री भाऊबंदांपैकी एक जण अवंतिका एक्स्प्रेसने इंदूरला निघाला, त्याच्याबरोबर डबा दिला. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, तळाला कापूस, वर कापूस, आणि मुंग्यांसाठी झाकणाला चिकटपट्टी. स्टेशनावरून परत आलो तेव्हा आई जागी होती. जुनी वही तिने काढून ठेवली होती. मधली कित्येक वर्षांची पाने कोरीच होती.

"लिही," ती म्हणाली. "इंदूर, पूर्ण संच, मुलगी आपली."

मी लिहिले. आकड्याच्या रकान्यापाशी पेन थांबले. "आई, हे तर घरचं आहे."

"घरचं आहे म्हणून घ्यायचे नाहीत. लिहायला काय होतं?"

तिने आकडा सांगितला. तो ऐकून मी चकित झालो. महिन्याच्या दोन शिकवण्यांची फी मिळून तेवढी होत नाही. एवढे कसे, म्हणून विचारले.

"हात शिकाऊ आहे," आई म्हणाली, "म्हणून कमीच सांगितले."